परिच्छेद २९ मधलं एक वाक्य: हवामान परिषदेच्या प्रतिनिधींना खुलं पत्र

प्रति,
संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत आपापल्या देशाच्या वतीने वाटाघाटी करणारे सर्व प्रतिनिधी

सविनय नमस्कार.

१३ डिसेंबर २०२३ रोजी दुबईत तुम्ही एक निर्णय संमत केलात. त्यातल्या परिच्छेद २८ ची जगभर चर्चा झाली. ऊर्जाव्यवस्थेत जीवाश्म इंधनांपासून दूर जायचं, हे इतक्या वर्षांच्या वाटाघाटींनंतर पहिल्यांदाच एवढ्या स्पष्टपणे लिहिलं गेलं होतं. त्याच्या लगेच खाली परिच्छेद २९ आहे, एकाच वाक्याचा. ऊर्जा सुरक्षितता राखत या बदलाला 'संक्रमणकालीन इंधनं' हातभार लावू शकतात, एवढंच तो म्हणतो. कुठलं इंधन, ते त्यात लिहिलेलं नाही. पण सभागृहातल्या प्रत्येकाला आणि बाहेर वाट पाहणाऱ्या प्रत्येक गॅस कंपनीला ते न लिहिताही कळलं: नैसर्गिक वायू, म्हणजेच गॅस.

किती वायू, कुणासाठी, किती वर्षं आणि किती गळती झाली तर चालेल, यातलं काहीही त्या वाक्यात नाही. मी बराच काळ थांबलो. पुढच्या परिषदेत कुणीतरी खुलासा मागेल असं वाटलं होतं. तो आला नाही, म्हणून हे पत्र.

मी गॅसचा शत्रू नाही. सव्वीस वर्षं याच धंद्यावर माझं घर चाललं. पहिली नऊ वर्षं गॅसवर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेली आणि पुढची सतरा गॅसवाहिनीवरच्या कॉम्प्रेसर स्टेशनांमध्ये, म्हणजे वायूला दाब देऊन पुढे ढकलणाऱ्या ठाण्यांमध्ये, गळती शोधण्याच्या कामात. सूर्य मावळतो तेव्हा ग्रिडवरचा भार कसा चढत जातो आणि गॅस टर्बाइन काही मिनिटांत तो कसा उचलतं, हे मी रोज पडद्यावर पाहिलं आहे. कोळशाचा थंड बॉयलर पूर्ण भारावर आणायला कित्येक तास लागतात. ज्या रात्री वारा पडतो, त्या रात्री ही तत्परता किती मोलाची असते ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आकडेही गॅसच्या बाजूचे आहेत, निदान धुराड्यापाशी तरी. एक युनिट विजेमागे कोळशाचं केंद्र साधारण ९०० ते १००० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतं, तर चांगलं कम्बाइंड सायकल गॅस केंद्र, म्हणजे टर्बाइनमधून निघणारी उष्णताही वीज करायला वापरणारं, ३५० ते ४०० ग्रॅम. राख नाही, गंधक नावापुरतं. ब्रिटनमध्ये २०१२ साली जवळपास ४० टक्के वीज कोळशाची होती आणि ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफ-ऑन-सोअर हे तिथलं शेवटचं कोळसा केंद्र बंद झालं. त्या बारा वर्षांत पवनऊर्जा वाढली हे खरंच, पण मधला बराच भार गॅसने वाहिला. तेव्हा गॅसला संक्रमणात जागाच नाही, असं मी म्हणणार नाही. ती जागा केवढी, आणि कधी रिकामी करायची, हे तुम्ही ठरवलं नाहीत हे मला मान्य नाही.

आता धुराड्यापासून मागे, वाहिनीवर या. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याला रंग नाही, वास नाही. घरात येणाऱ्या गॅसचा वास मुद्दाम मिसळलेला असतो. लांब पल्ल्याच्या मोठ्या वाहिन्यांत तो बऱ्याच ठिकाणी नसतो. त्यामुळे साध्या डोळ्यांना कॉम्प्रेसर स्टेशन अगदी स्वच्छ दिसतं. रंगवलेले पाइप, खडी, कुंपण, यंत्रांची घरघर. डोळ्यांना न दिसणारा मिथेन दाखवणारा इन्फ्रारेड कॅमेरा मी पहिल्यांदा डोळ्याला लावला तो दिवस अजून आठवतो. छतावरच्या एका छोट्या व्हेंट पाइपातून काळपट धूर निघत होता, ओलं लाकूड पेटवल्यावर निघतो तसा, संथ आणि अखंड. कॅमेरा खाली घेतला की निरभ्र आकाश. पुन्हा लावला की धूर. मी तीन-चारदा तसं करून पाहिलं.

तो व्हेंट रेसिप्रोकेटिंग, म्हणजे पिस्टनवर चालणाऱ्या, कॉम्प्रेसरच्या रॉड पॅकिंगचा होता. पिस्टनचा दांडा सतत आत-बाहेर होतो, त्याच्याभोवती कड्यांचा संच बसवलेला असतो आणि या कड्या झिजतात. नव्या असल्या तरी थोडा वायू सुटतोच, झिजल्या की कैक पटींनी जास्त. उपाय अवघड नाही. कॉम्प्रेसर थांबवायचा, दाब उतरवायचा, कड्या बदलायच्या. मी नोंद केली. पुढच्या नियोजित देखभालीत बघू, असं उत्तर आलं. पुढची देखभाल सात महिन्यांनी होती. मी विचारलं, मग या सात महिन्यांची गळती अहवालात कुठे दाखवणार? अहवालाचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांनी मला शांतपणे तक्ता दाखवला. त्यात कॉम्प्रेसरची संख्या होती आणि तिच्यापुढे एक ठरलेला गुणक, म्हणजे एका कॉम्प्रेसरमागे धरायची सरासरी गळती. दोघांचा गुणाकार म्हणजे वर्षाची गळती. मी पाहिलेल्या धुराला त्या तक्त्यात रकानाच नव्हता. कड्या दुसऱ्या दिवशी बदलल्या असत्या तरी आकडा तोच राहिला असता, आणि वर्षभर तशाच ठेवल्या असत्या तरी तोच.

कुणी खोटं बोललं नव्हतं. नियमाने जेवढं मागितलं तेवढं त्यांनी भरलं होतं. म्हणूनच माझं हे पत्र त्यांना नाही, नियम करणाऱ्या तुम्हाला आहे.

या गळतीने एवढं काय बिघडतं, असं अजूनही मला विचारलं जातं. मिथेन वातावरणात साधारण बारा वर्षं टिकतो, पण तेवढ्यात तो फार उष्णता धरून ठेवतो. वीस वर्षांचा हिशेब धरला, तर जीवाश्म इंधनांतून सुटलेला एक टन मिथेन ८० टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडएवढा ठरतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालातला आकडा ८२.५ आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात तोच आकडा ३० च्या आसपास येतो आणि तुमच्या नियमांत हा शंभर वर्षांचा आकडाच वापरला जातो. औद्योगिक युगाआधी हवेच्या दर अब्ज भागांत मिथेनचे सुमारे ७२० भाग होते. आज ते १९०० च्या वर गेले आहेत. आजवरच्या तापमानवाढीत मिथेनचा हात सुमारे अर्धा अंश सेल्सियसचा आहे.

म्हणजे गॅस कोळशापेक्षा चांगला की नाही, याचा निकाल वाटेत किती टक्के सुटला त्यावर लागतो. वीजनिर्मितीत कोळशाऐवजी गॅस वापरल्याचा फायदा पहिल्या दिवसापासून हवा असेल तर एकूण गळती ३.२ टक्क्यांच्या आत हवी, असा हिशेब अमेरिकी संशोधकांनी २०१२ मध्ये मांडला. २०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रत्यक्ष मोजमापांवर आधारलेला अभ्यास आला. अमेरिकेतली गळती उत्पादनाच्या २.३ टक्के निघाली, सरकारी यादीत दाखवल्यापेक्षा सुमारे ६० टक्के जास्त. ही एका देशाची सरासरी झाली, आणि तीही मोजणाऱ्या देशाची. ज्या देशांत कुणी कॅमेरा लावलाच नाही, तिथला आकडा तुम्ही कशाच्या आधारावर गृहीत धरता?

माझी पहिली तक्रार ही मोजमापाची. साधनं नाहीत असं आता कुणी म्हणू शकत नाही. युरोपचा सेंटिनेल-५पी उपग्रह २०१७ मध्ये सोडला, तो पृथ्वीभरच्या मिथेनवर नजर ठेवतो. उपग्रहांना दिसलेल्या मोठ्या गळत्या संबंधित सरकारला आणि कंपनीला कळवण्याची यंत्रणा संयुक्त राष्ट्रांच्याच पर्यावरण कार्यक्रमाने उभी केली. पहिल्या दोन वर्षांत १२०० हून जास्त सूचना गेल्या आणि उत्तरं आली जेमतेम एक टक्का सूचनांना. त्यानंतरच्या वर्षी हे प्रमाण १२ टक्क्यांवर गेलं. वाढ आहे, मी ती नाकारत नाही. पण शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी सूचना अजून तशाच पडल्या आहेत, आणि त्या ज्या सरकारांच्या टेबलावर पडल्या आहेत त्यांचेच तुम्ही प्रतिनिधी. गळती सापडत नाही तेव्हा आम्हा तपासनिसांना वाईट वाटतं. सापडूनही कुणी पाना हातात घेत नाही, ते मात्र जिव्हारी लागतं.

ऑक्टोबर २०१५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या अलिसो कॅन्यन इथल्या भूमिगत गॅससाठ्याची एक विहीर फुटली. ती बुजवायला फेब्रुवारी उजाडला. तोवर सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला होता आणि हजारो कुटुंबांना घर सोडून राहावं लागलं होतं. ते जगाला दिसलं, कारण शेजारी वस्ती होती आणि त्या गॅसला वास होता. निर्जन वाळवंटातल्या विहिरीला यातलं काहीच नसतं.

दुसरी तक्रार, तुम्ही शब्द दिलात पण स्वतःला बांधून घेतलं नाहीत. २०२१ मध्ये ग्लासगोत जागतिक मिथेन प्रतिज्ञा झाली. २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के कपात. दीडशेहून अधिक देश तिच्यात आले. पण ती ऐच्छिक आहे, कुणाचा वाटा किती ते ठरलेलं नाही, आणि वाटा चुकला तर जाब विचारणारं कुणी नाही. विहिरींवरचं नित्याचं फ्लेअरिंग, म्हणजे वर आलेला वायू न वापरता तिथेच जाळून टाकणं, २०३० पर्यंत शून्यावर आणायचं, असा उपक्रम जागतिक बँकेने २०१५ मध्ये सुरू केला. तरी वर्षाला सुमारे १५० अब्ज घनमीटर वायू अजूनही विहिरींच्या तोंडाशीच जाळला जातो. फ्लेअर, म्हणजे ती ज्योत, नीट जळत असेल तर निदान मिथेनचा कार्बन डायऑक्साइड तरी होतो. ती विझली, की सगळा मिथेन तसाच वर जातो. विझलेली फ्लेअर मी कॅमेऱ्यातून पाहिली आहे. लांबून ती नुसती एक उंच नळी दिसते, तिच्याकडे कुणाचं लक्षही जाणार नाही.

हे टळू शकतं, याचा दाखला डोळ्यांसमोर आहे. नॉर्वेने समुद्रातल्या विहिरींवर नित्याचं फ्लेअरिंग फार आधी बंद केलं, १९९१ मध्ये तेल-वायू उत्पादनावर कार्बन कर लावला, आणि तिथली गळती आज जगातल्या सर्वांत कमी गळत्यांत मोजली जाते. तेल आणि वायू उद्योगातला बहुतांश मिथेन आज हातात असलेल्या तंत्राने थांबवता येतो, असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था वर्षानुवर्षं सांगत आली आहे. सील बदलणं, व्हॉल्व्ह घट्ट करणं, गॅसच्या दाबावर चालणारी नियंत्रकं काढून विजेवरची बसवणं, अशी ही कामं आहेत. मी ती केली आहेत. वाचलेला वायू विकताही येतो.

द्रवरूप वायूबद्दल थोडक्यात सांगतो. उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की वायूचं आकारमान सुमारे सहाशेव्या हिश्श्यावर येतं आणि तो जहाजात मावतो. या थंड करण्यातच वायूचा जवळपास दहावा हिस्सा खर्ची पडू शकतो, वाटेत थोडा उकळत राहतो आणि काही जहाजांच्या इंजिनांतून न जळताच बाहेर पडतो. जवळच्या विहिरीतून वाहिनीने आलेला वायू आणि समुद्र ओलांडून आलेला वायू परिच्छेद २९ ने एकाच मापात घातले आहेत.

आणि काळ. माझ्या मते सगळ्यांत मोठी तक्रार ही आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२१ मध्ये निव्वळ शून्याचा, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून घेण्याचा, जो मार्ग मांडला, त्यात तोवर मंजूर झालेल्यांखेरीज नवी तेल-वायू क्षेत्रं लागत नव्हती, आणि जगाची वीज २०४० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनावर यायची होती. गॅस केंद्राचं आयुष्य पंचवीस ते चाळीस वर्षं असतं. आज पाया खणला तर ते या दशकाच्या शेवटी सुरू होईल आणि २०६० पर्यंत चालू शकेल. ज्याने पैसे घातले तो ते मुदतीआधी बंद करू देणार नाही.

हे कसं घडतं ते मी आतून पाहिलं आहे. आमच्या केंद्राचा वायूखरेदीचा करार असा होता की ठरलेला वायू उचलला नाही तरी त्याचे पैसे भरायचेच. एका दुपारी ग्रिडवर वाऱ्याची वीज मुबलक होती. पवनचक्क्यांना उत्पादन कमी करायला सांगितलं गेलं आणि आमचं युनिट चालू राहिलं. त्या पाळीला मीच होतो. एका बाजूच्या पडद्यावर पवनऊर्जेची रेषा खाली येताना दिसत होती, दुसऱ्या बाजूला आमचे मेगावॅट जागचे हललेही नव्हते. युनिट खाली आणायला मला काही मिनिटं पुरली असती. करारात ते बसत नव्हतं. गॅसची जी खरी ताकद, लागेल तेव्हा उठायचं आणि नको तेव्हा बसायचं, तीच त्या कराराने काढून घेतली होती.

इतक्या वर्षांत परिस्थितीही बदलली आहे. एप्रिल २०२४ मध्ये एका संध्याकाळी कॅलिफोर्नियाच्या ग्रिडवर काही काळ बॅटऱ्या हा विजेचा सर्वांत मोठा स्रोत ठरला. जो मावळतीचा भार उचलण्यासाठी आम्ही कंट्रोल रूममध्ये तयार बसायचो, तोच हा भार. अशा बॅटऱ्या साधारण चार तास पुरतात. हिवाळ्यातले वारा पडलेले ढगाळ दिवस एकामागून एक आले तर त्या निभावू शकत नाहीत. तिथे अजून काही वर्षं गॅस लागेल, हे मी मान्य करतो. पण वर्षाकाठी काहीशे तास चालणारं केंद्र आणि बारा महिने चालणारं केंद्र यांची परवानगी एकाच शब्दाखाली कशी देता?

माझ्या या म्हणण्याचा ज्यांना राग येईल, त्यांचीही बाजू मला ठाऊक आहे. आधी श्रीमंत देशांनी कोळसा जाळला, मग गॅस जाळला, आणि आता आमच्यावर नियम लादता, असं काही प्रतिनिधी म्हणतील. म्हणण्यात तथ्य आहे. जगात दोनशे कोटींच्या वर माणसं अजून लाकूड, शेणी, कोळसा असलं काही जाळून स्वयंपाक करतात. त्यांच्या घरातला धूर गॅसच्या शेगडीने गेला तर मला आनंदच होईल, आणि त्याला लागणारा वायू वीज आणि उद्योगांच्या तुलनेत थोडाच आहे. पण गरीब देशांच्या नावावर द्रवरूप वायू उतरवून घेणारी मोठी आयात टर्मिनलं उभी राहतात, तेव्हा २०२२ आठवा. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर युरोपने द्रवरूप वायू मिळेल त्या भावाने उचलला. पाकिस्तान आणि बांगलादेश यांना तो भाव झेपला नाही आणि तिथल्या लोकांना अंधारात बसावं लागलं. परिच्छेद २९ मध्ये 'ऊर्जा सुरक्षितता' हे शब्द आहेत. ती कुणाची सुरक्षितता, हे त्या उन्हाळ्यात त्या लोकांना विचारायला हवं होतं.

माझ्या मागण्या अशा.

परिच्छेद २९ चा अर्थ लेखी ठरवा. कुठल्याही गॅस प्रकल्पाला संक्रमणकालीन म्हणायचं असेल, तर त्याच्या परवान्यातच बंद होण्याचं वर्ष आणि वर्षाला जास्तीत जास्त किती तास चालेल ते लिहिलेलं असावं. तो कुठलं कोळसा केंद्र बंद करून त्याची जागा घेतो आहे, तेही. यातलं काही सांगता येत नसेल, तर त्याला हवामान निधीचा एक पैसाही देऊ नका.

गळती मोजून सांगा. संख्या आणि गुणक यांचा गुणाकार बंद करा. प्रत्येक विहीर, स्टेशन आणि टर्मिनल यांची प्रत्यक्ष तपासणी व्हावी, ती कंपनीबाहेरच्या माणसाने पडताळावी आणि आकडे सर्वांना पाहता यावेत. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या मिथेन कायद्यात गळती शोधणं, ठरल्या मुदतीत दुरुस्त करणं आणि आयात होणाऱ्या वायूचीही माहिती मागणं आहे. एवढं तरी सगळ्यांना लागू करा.

शंभर वर्षांच्या आकड्याशेजारी वीस वर्षांचा आकडा छापणं सक्तीचं करा.

उपग्रहाने दिलेल्या सूचनेला तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन घाला. न देणाऱ्या देशांची आणि कंपन्यांची यादी प्रत्येक परिषदेच्या पहिल्या दिवशी वाचून दाखवा.

नित्याचं फ्लेअरिंग आणि वायू तसाच हवेत सोडणं, दोन्ही कायद्याने बंद करा.

गॅस केंद्राला पैसे द्यायचे तर सज्ज राहण्याचे द्या, जाळलेल्या वायूचे नकोत. स्वच्छ वीज अडवून गॅस जाळायला लावणारे नवे करार होऊ देऊ नका आणि जुने मोडून नव्याने करायला गरीब देशांना पैसा द्या. तो पैसा कुणी द्यायचा हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ज्यांनी दीडशे वर्षं धुराडी चालवली त्यांनी.

यातली एकही गोष्ट नव्या शोधाची वाट पाहत थांबलेली नाही.

माझ्याकडे सतरा वर्षांच्या नोंदवह्या आहेत. प्रत्येक पानावर तारीख, यंत्र, गळतीची जागा, कुणाला कळवलं आणि दुरुस्ती कधी झाली, असे रकाने आहेत. बऱ्याच ओळींत शेवटचा रकाना रिकामा आहे. तुमच्यापैकी कुठल्याही समितीने मागितल्या तर त्या मी स्वतः घेऊन येईन. कॅमेराही आणीन. सभागृहाबाहेर एखादी चालू गॅसवाहिनी असेलच. तिच्याकडे एकदा त्यातून बघा आणि मग परिच्छेद २९ चा पुढचा मसुदा लिहायला बसा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गळती तपासनीस